मेघाची सहावी उडी

मेघा गजभिये आमच्या शाळेत आली तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि खरं सांगायचं तर मला ती अजिबात आवडली नव्हती. नागपुरातल्या अंध मुलींच्या एका निवासी शाळेत मी तीस वर्षं खेळाचा शिक्षक होतो. खेळाचा शिक्षक म्हणजे प्रार्थनेला रांगा लावणारा आणि पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी तपासणारा माणूस, अशी लोकांची समजूत असते. अंध मुलींच्या शाळेत तर तेवढीही किंमत नसते. 'मुलींना पळवता कशाला, पडतील ना,' असं मला पालकांनी ऐकवलंय, आणि एकदा तर खुद्द मुख्याध्यापकांनी. मी आधीच तापट. अशा वाक्यांनी आणखी तापायचो आणि मुलींना दोन फेऱ्या जास्त पळवायचो.

मेघा पळायची नाही. मैदानावर आणली की ती खाली बसायची. ऊठ म्हटलं की म्हणायची, "पाय दुखून राहिला जी सर." कुठला पाय, असं विचारलं की जरा विचार करून एक पाय सांगायची. जन्मापासून अंध, घर खापरखेड्याला. वडील वीज केंद्रात ठेकेदाराकडे राख उपसायच्या कामावर होते, ते वारले. तिच्याहून आठ वर्षांनी मोठा भाऊ रविंद्र पुढे त्याच गेटातून कामाला जाऊ लागला. दर शनिवारी मोटरसायकलवरून तिला घरी न्यायचा आणि सोमवारी सकाळी आणून सोडायचा तो हाच.

शाळेच्या मागच्या अंगाला मी भांडून भांडून एक वाळूचा खड्डा करून घेतला होता. मेघा एकदा भिंतीच्या कडेने चालता चालता त्यात पडली. मी धावलो. ती वाळूत बसून दोन्ही हातांनी चाचपत होती.

"इथं पडलं तर लागत नाही जी?"

"नाही लागत."

"मग अजून एकदा पडू?"

त्या दिवशी ती पंचवीस-तीस वेळा पडली. पुढचा महिनाभर तिला दुसरं काही सुचत नव्हतं. या मुलीला धावायची भीती नाही, आपटायची भीती आहे, हे माझ्या जाड डोक्यात तेव्हा शिरलं. तिला मी लांब उडी शिकवायला घेतली.

अंध खेळाडूची लांब उडी पाहिली नसेल तर सांगतो. खेळाडूच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधतात, मग तो जन्मांध का असेना. नियम सगळ्यांना सारखा. मेघाला पट्टी बांधताना मला दरवेळी हसू यायचं, तिलाही. एक माणूस तिला धावपट्टीच्या सुरुवातीला नेऊन तिचे खांदे सरळ लावून देतो. दुसरा समोर खड्ड्यापाशी उभा राहतो आणि हाक मारत राहतो. त्या हाकेच्या दिशेने खेळाडू मोजून पावलं टाकत जिवाच्या आकांताने धावतो. उडी घ्यायच्या जागी पांढरी भुकटी टाकलेला मीटरभराचा पट्टा असतो. पाय जिथे उमटेल तिथून उडी मोजतात. खेळाडू वाकडा येतोय असं दिसलं तर हाक मारणाऱ्याने 'थांब' म्हणायचं. खेळाडू थांबला आणि वेळ उरला असेल तर पुन्हा धावू देतात. प्रत्येक उडीला एक मिनिट. एवढा वेळ सगळ्या मैदानाने चूप बसायचं, कारण त्या मुलीसाठी तेव्हा जगात फक्त एक आवाज असतो.

मेघासाठी तो आवाज आधी माझा होता, आणि माझ्या आवाजाकडे ती वाकडी यायची. एका शनिवारी रविंद्र लवकर आला. मी बोंबलतोय आणि ही डावीकडे चाललीय, हे तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मी बोलावू का?" खड्ड्यापलीकडे जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "ये वं मेघे! ये! ये! ये!" पोरगी सुतात आली. इतकी वर्षं शिट्टी फुंकलेला मी माणूस, मला जरा लागलंच. असं कसं, म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, "दादाचा आवाज कुठून येते ते समजते जी. तुमचा आवाज सगळीकडून येते."

त्या दिवसापासून खांदे लावायचं काम माझं आणि हाक रविंद्रची. तेरा पावलं. तो पाळ्या बदलून घ्यायचा, सुट्ट्या बुडवायचा, पण शनिवार सोडायचा नाही. स्वभावाने माझ्याच वळणाचा, दर दोन वाक्यांत तिच्यावर खेकसायचा. "हात कायले लोंबकळून राहिले तुहे? झोपली का पळता पळता?" मेघाही उलटून बोलायची. दोघांची जुंपली की बाकीच्या मुली हसून लोळायच्या.

रविंद्रचा एकच दोष होता, आणि नागपुरात तो दोष धरत नाहीत. तो खर्रा खायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून चांगला घोटायचा, तोबरा भरायचा आणि तासभर तोंड बंद. इकडच्या माणसाला या बंद तोंडाचीही भाषा येते. मान जरा वर करून, खालचा ओठ बांधासारखा पुढे धरून ते बोलतात, आणि समोरचा पत्ताबित्ता नीट समजून घेऊन निघून जातो. माझा नियम होता, खड्ड्यापाशी उभं राहायच्या आधी तोंड धुऊन यायचं. मी त्याला लहान पोरासारखं 'आ' करायला लावायचो. तो बिचारा करायचा.

मेघा सोळाव्या वर्षी राज्यात पहिली आली. अठराव्या वर्षी तिने चार मीटरची खूण ओलांडली. पेपरवाल्यांनी 'अंधत्वावर मात' असं छापलं. मी वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मात कायची सर? उडी मारली." तीन वर्षं राज्याचं सोनं आमच्याकडेच होतं. २०१८ च्या फेब्रुवारीत नागपुरातच निवड चाचणी ठरली. चार मीटर चाळीस सेंटीमीटर उडी मारणारी मुलगी देशाच्या शिबिरात जाणार होती. मेघाने सरावात चार पंचेचाळीस मारली होती. तिला तेव्हा विसावं संपत आलं होतं, आणि झोपेतही ती चार चाळीसच म्हणत असावी.

त्या दिवशी पाच उड्या झाल्या. सगळ्यात चांगली चार अठ्ठावीस. सहावी शेवटची. मध्येच कुणीतरी मोजमापावर हरकत घेतली आणि सगळं अडलं. वीस मिनिटं गेली, अर्धा तास गेला. रविंद्र मैदानाच्या कडेने येरझाऱ्या घालत होता. सोबत आलेल्या विक्की नावाच्या दोस्ताने त्याच्यापुढे खर्र्याची पुडी धरली आणि त्याने ती तोंडात टाकली. तेवढ्यात पुकारा झाला, मेघा गजभिये. रविंद्र खड्ड्याकडे धावला. थुंकायचं तर कुठे? पुढे वाळू, बाजूला पंच, सगळं लख्ख झाडलेलं. त्याला लाज वाटली. त्याने तोबरा गालात सरकवला, हाक मारायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. या गडबडीत मिनिटातले चाळीस सेकंद उडाले.

मी मागे, मेघाचे खांदे धरून. हाक आली, ती निघाली. सातव्या-आठव्या पावलाला ती उजवीकडे सरकतेय हे मला मागून दिसलं. रविंद्रला समोरून दिसलं असणारच. त्याचा आवाज आला, "हांम्!" तोंडात खर्रा असलेल्या माणसाच्या 'थांब'चं जे व्हायचं ते झालं होतं. मला तर ते नुसतं 'हां' असं ऐकू आलं. मेघा थांबली नाही. तिने उडी घेतली, आणि उजवा पाय वाळूबाहेरच्या सिमेंटच्या काठावर आला.

हाड मोडल्याचा आवाज मला धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. मी धावलो, आणि हे लिहिताना आजही मान खाली जाते, मी आधी मेघाकडे गेलो नाही. मी रविंद्रकडे गेलो आणि सगळ्या मैदानासमोर त्याच्या कानाखाली वाजवली. त्याच्या पांढऱ्या शर्टावर आणि माझ्या हातावर खर्रा उडाला. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि बहिणीला उचललं. तिचे खांदे सरळ लावणारा मी होतो, ती मुळात वाकडी निघाली असेल तर त्यात माझाही हात होता, हा विचार माझ्या मनात यायला दोन वर्षं लागली.

घोटा तीन ठिकाणी मोडला होता. आत धातूची पट्टी बसवली, स्क्रू घातले. शिबिर गेलं. मेघा पुन्हा उडी मारायला लागली, पण त्या पायाने जमीन पूर्वीसारखी ढकलली जात नव्हती. रविंद्रने हाक मारायला साफ नकार दिला. उन्नती नावाची आमची नवी शिक्षिका हाक मारायची. २०२१ मध्ये मेघाने राज्यात रौप्य घेतलं, तीन मीटर ब्याण्णव. पुढच्या वर्षी तिने स्वतःच थांबायचं ठरवलं, परीक्षा दिली आणि एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर झाली. शनिवारी ती शाळेत येते आणि लहान मुलींना वाळूत पडायला शिकवते.

रविंद्रने त्या दिवसानंतर खर्रा तोंडात घातला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, शपथ घेतली नव्हती, सुटला. त्याबरोबर आणखीही काही सुटलं. बहिणीवर खेकसणारा हा माणूस तिच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलू लागला. पाणी देऊ का, बसतेस का, सावकाश ये. मी मात्र तेच करत राहिलो जे मला येतं. शब्दाने मारत राहिलो. विषय निघाला की माझं ठरलेलं वाक्य असायचं, त्याचं तोंड मोकळं असतं तर ही पोरगी आज कुठल्या कुठे असती.

मी निवृत्त झालो तरी शनिवारी मैदानावर जातो. गेल्या नोव्हेंबरात मेघा मुलींकडून थांबायचा सराव करून घेत होती. धावायचं, 'थांब' ऐकलं की जागीच पाय रोवायचे. मी बाकावर बसून होतो. सवयीने माझं वाक्य बोलून गेलो. मेघाने मुलींना पाणी प्यायला पाठवलं आणि चाचपत माझ्याशेजारी येऊन बसली.

"सर, आता पुरे करा. ते तसं नव्हतं."

"कसं नव्हतं?"

"मले 'थांब' ऐकू आलं होतं."

मी म्हटलं, "अगं, तो 'थांब' म्हणालाच नाही नीट. मी स्वतः ऐकलंय."

"तुम्हाले नाही समजलं. मले समजलं. तोंडात खर्रा असला की दादा कसा बोलते, हे मले माहीत नसन तर कोणाले असन? बाबाही तसेच बोलत. 'हांम्' म्हणजे थांब. लहानपणापासून तोच थांब ऐकून राहिली मी."

"मग थांबली का नाहीस?"

ती पायाने माती उकरत राहिली. मग बोलली ते एका दमात बोलली.

"दिवसातून पन्नास खेपा ऐकलं जी. थांब, नाली हाय. थांब, चूल हाय. थांब, गाडी येऊन राहिली. थांब, मी येतो. दरवेळी थांबली मी. सगळ्यायचं ऐकलं. त्या दिवशी पाय बराबर बसला होता, सर. आठव्या पावलाले समजते आपल्याले. असा पाय माह्या जन्मात बसला नव्हता. थांबली असती तर मिनिट संपत होतं, पुन्हा धावाले भेटलं नसतं. वाकडी जाऊन राहिली हे समजलं होतं मले. तरी मले ती उडी पायजे होती. मी घेतली. दादानं नाही पाडलं मले."

मला राग आला. तिचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, आणि कुणावर काढावा ते कळेना म्हणून मी उठून उभा राहिलो. सात वर्षं! "तेव्हाच तोंड का उघडलं नाहीस?" असं मी ओरडलोच.

"पहिले लाज वाटली. तुम्ही त्याले मारलं, तो आवाज मले ऐकू आला होता. त्याच वेळी बोलाले पायजे होतं, नाही बोलली. मग माह्या प्लास्टरच्या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरनं दादाचं तोंड पाहिलं. आखडून गेलं होतं, दोन बोटंही आत जात नव्हती. डॉक्टर म्हणे, खर्रा आता सोडला तर वाचशील, नाही तर या तोंडानं जेवूही शकणार नाहीस. दादानं तर सोडलाच होता, माह्या पायापायी. मी खरं बोलली असती आन् त्यानं पुन्हा पुडी घेतली असती तर? म्हणून गप्प राहिली."

"मग आता काय झालं?"

"मागच्या महिन्यात नरखेडकडचं स्थळ आलं होतं त्याले. चांगले लोक. तो आईले म्हणे, मेघाचा पाय मी मोडला, माह्या लग्नाचं कायले बोलता. दुसऱ्या खोलीत, हळू आवाजात. हळू बोललं का मले ऐकू येत नाही, असं वाटते त्याले." ती जराशी हसली, मग हसू गेलं. "छत्तीस वर्षांचा झाला. त्याचं तोंड वाचवता वाचवता मी त्याचा जन्मच अडवून ठेवला, सर. मी सांगणार हाय. तुम्ही चाला संगं."

"मी कशाला?"

"एकटीनं सांगितलं तर म्हणन, मेघी मन राखून राहिली. तुम्ही त्याले मारलं होतं. तुम्ही असले तर त्याले खरं वाटन."



रविवारी सकाळी आम्ही खापरखेड्याला गेलो. बसमध्ये मी माफीचं वाक्य जुळवत होतो. जन्मात कुणाची माफी मागितली नसल्यामुळे ते जुळत नव्हतं. शिवाय एक भीती होती. ओझं उतरलं की हा माणूस हलक्या पावलाने थेट पानठेल्यावर गेला तर? तो ठेला त्यांच्या घरापासून वीस पावलांवर आहे.

रविंद्र रात्रपाळीहून येऊन अंघोळ करून बसला होता. मला बघून उभा राहिला. त्याने मला खुर्ची दिली, बहिणीच्या पाठीला उशी दिली, आईला चहा ठेवायला सांगितलं. सगळं हळू, सगळं जपून. तोंड आता बऱ्यापैकी उघडत होतं, पण त्या तोंडाला काही बोलायचंच नसावं असं वाटायचं.

मेघाने वेळ घालवला नाही. "दादा, ऐक ना गा. त्या दिवशीचं सांगायचं हाय." आणि तिने सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात. मी मान हलवली. मी म्हणालो, "खरं आहे रे. मलाही काल-परवापर्यंत माहीत नव्हतं." माझा आवाज मलाच परका वाटला.

रविंद्र खाली बघत होता. मला वाटलं, आता हा उठेल, चपला घालेल आणि जाईल. तो उठला नाही. त्याने विचारलं, "म्हणजे निघालं होतं?"

"काय?" मेघा म्हणाली.

"थांब. माह्या तोंडातून निघालं होतं?"

"निघालं होतं, दादा."

"मले वाटे, निघालंच नाही." तो मला सांगू लागला, जणू पंच मीच होतो. "सात वर्षं झाली सर. ड्यूटीवर जाता जाता गाडीवर म्हणून पाहतो मी. थांब. थांब. तेव्हा बराबर निघते. त्या दिवशी निघालं होतं का नाही, हे कोणाले विचारू? तिले कसं विचारू?" आणि पुन्हा तिच्याकडे वळून, "पक्कं ऐकलं होतं तू?"

"पक्कं. मी ऐकलं, गा."

त्याचा चेहरा आधी सैल झाला. दोन्ही हातांनी त्याने तो झाकला, आणि त्याच्या खांद्यांकडे पाहून मी दुसरीकडे बघू लागलो. मग हात खाली आले तेव्हा चेहरा लालबुंद झालेला होता.

"मग थांबली काहून नाही वं?"

तो इतक्या जोरात ओरडला की आतून त्यांची आई पातेलं हातात घेऊनच धावत आली. "कान फुटले होते काय तुहे? मी इकडून जीव तोडून बोंबलून राहिलो थांब म्हणून, आन् तुले उडी सुचून राहिली! डोकं आपटलं असतं तर? मेली असती तर? कोणाचं ऐकाचंच नाही कधी! लहान होती तेव्हापासून अशीच! हट्टी! एक नंबरची हट्टी!"

आई गोंधळून माझ्याकडे बघत होती. मेघा मान खाली घालून बसली होती. गालांवरून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती, आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मधेच ती म्हणाली, "अजून बोल." तो तिला लहानपणापासूनची एकेक गोष्ट काढून बोलला. नालीत पडली ती, चुलीला हात लावला ती, शाळेत पाय दुखतो म्हणून खोटं बोलायची ती. माझी माफी मागायची राहिलीच होती. त्याचं संपलं की मागू, म्हणून मी चहाचा कप हातात धरून बसून होतो, आणि तो बोलतच होता.